दोर आणि प्रार्थना

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:९–४४ व २८:१–१०, इब्री लोकांस पत्र ४:१४–१६



बडोद्याला विश्वामित्री नदीच्या आसपास राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात एक प्रश्न विचारण्याची सवय लागते : "काळ्या घोड्याजवळ पाणी किती फूट झालं?" त्या पुलापाशी नदीची पातळी मोजतात, आणि २६ फूट ही धोक्याची पातळी मानतात. नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि आमच्या शहराच्या मधून वाहते. वरच्या अंगाला आजवा सरोवर आहे. शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून सयाजीराव महाराजांच्या काळी ते बांधले गेले. पाऊस अनावर झाला की तेच पाणी नदीला फुगवते. मग नदी वस्तीत शिरते आणि नदीतल्या मगरीही तिच्याबरोबर येतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस हे पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते.

परंतु मला आधी त्याच्या पाच वर्षे मागची एक गोष्ट सांगायची आहे. ती माझ्या फजितीची आहे.

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला. आमच्या शेजारच्या गल्लीत एक वृद्ध जोडपे तळमजल्यावर अडकले आहे, असे संध्याकाळी कळले. मी उभ्या उभ्या प्रार्थना केली आणि पाण्यात उतरलो. मनात प्रेम होते. हातात काही नव्हते. पन्नास पावलांवर गटाराचे झाकण वाहून गेले होते, तिथे माझा पाय गेला. कमरेचे पाणी एकदम गळ्याला आले. त्याच वृद्ध जोडप्याकडे निघालेल्या स्वयंसेवक पथकातील दोन तरुणांनी दोर टाकून मला ओढून काढले आणि एका ओट्यावर बसवले. यात त्यांचा अर्धा तास गेला. एवढा वेळ ते आजोबा आजींना टेबलावर बसवून स्वतः छातीभर पाण्यात उभे होते. देवाच्या दयेने दोघेही वाचले. पण त्या तरुणांपैकी एकाने जाता जाता मला विचारलेला प्रश्न मी विसरलो नाही. तो म्हणाला, "भाई, मन तुमचं चांगलं आहे, पण दोर कुठे आहे?"

पुढे मी त्याच पथकात नाव घातले. आमच्या तरुणसंघातील चौघे माझ्याबरोबर आले. शिक्षण रविवारी असे, आणि त्यामुळे मंडळीत कुरबुर सुरू झाली. आमच्या वडीलवर्गात एक वृद्ध बंधू आहेत. मंडळीतील अर्ध्याअधिक लोकांना त्यांनी शाळेत गणित शिकवले, म्हणून आम्ही सगळे त्यांना 'सर' म्हणतो. ते मला म्हणाले, "अरे, रविवार प्रभूचा. वादळ शांत करणारा तो आहे. आपलं काम गुडघे टेकायचं. तुम्ही दोराच्या गाठी शिकत बसलात, तर प्रार्थना कोण करणार?"

बंधुभगिनींनो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सर प्रार्थनेचे मनुष्य आहेत. त्यांना त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते पुढे शास्त्रात सापडले, आणि तेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचे गलबत वादळात सापडते. पौल कैदी आहे. रोमला नेला जात आहे. सतराव्या वचनात लूक सांगतो की खलाशांनी गलबताला खालून दोर आवळले, म्हणजे लाटांच्या माऱ्याने फळ्या उकलू नयेत. त्या दोरांना लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे, तो 'बोएथेया', म्हणजे 'साहाय्य'. हे नाम संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येते. एक इथे, वादळातल्या दोरांसाठी. दुसरे इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, जिथे आपल्याला धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाण्यास सांगितले आहे, म्हणजे गरजेच्या वेळी आपल्याला साहाय्य मिळेल. गुडघे टेकून जे मागायचे त्याचे नाव 'बोएथेया', आणि हाताने जे आवळायचे त्याचेही नाव 'बोएथेया'! आपण दोर आणि प्रार्थना यांची फारकत करतो. शास्त्राने दोघांना एकच शब्द दिला आहे. या एका गोष्टीच्या प्रकाशात आपण तीन मुद्दे पाहू.

१. दोर वादळाच्या आधीच गलबतावर असावा

खलाशांनी दोर वादळात आवळले हे खरे. पण ते वादळात विणले नाहीत. ते आधीपासून गलबतावर होते, आणि ते कसे आवळायचे हे त्या हातांना ठाऊक होते. प्रीतीलाही पूर्वतयारी लागते. पौलानेही वादळ सुटण्यापूर्वी इशारा दिला होता. प्रवासाचा हंगाम सरला होता; पुढे गेल्यास मालाचे, गलबताचे आणि जिवांचेही नुकसान होईल, असे त्याने सांगितले. शताधिपतीने तांडेलाचे आणि मालकाचे ऐकले, पौलाचे ऐकले नाही. अकराव्या अध्यायात याच्या उलट उदाहरण आहे. अगब संदेष्ट्याने दुष्काळ येणार असे सुचवताच अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे मदत पाठवण्याचे ठरवले. इशारा ऐकला आणि लगेच कामाला लागले. त्यांची तयारी हाच त्यांचा विश्वास होता.

इशारा ऐकणारे आणि घरोघर पोहोचवणारे हात असले म्हणजे काय होते, याची साक्ष आपल्याच देशात आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे १०,००० माणसे गेली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर निवारे बांधले गेले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी 'फायलिन' नावाचे मोठे वादळ त्याच किनाऱ्यावर आले. त्याआधी लाखो लोकांना हलवण्यात आले होते, आणि प्राणहानी काही दशकांपुरतीच राहिली. समुद्र तोच होता, वारा तसाच होता. माणसे मात्र तयार होती.

देशभर अशा कामासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली 'आपदा मित्र' योजना काढली. पहिल्या टप्प्यात ३० पूरग्रस्त जिल्ह्यांत प्रत्येकी २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करायचे होते. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाखाचे उद्दिष्ट ठेवले गेले. हे शिक्षण बारा दिवसांचे असते. बारा दिवस! आपल्या नाताळच्या नाटकाच्या तालमी याहून अधिक दिवस चालतात.

त्या शिक्षणात मला पहिला धडा मिळाला तो माझ्या फजितीचाच. बुडणाऱ्याला वाचवताना आधी काठी पुढे करायची. काठी पोहोचत नसेल तर दोर टाकायचा. दोर पुरत नसेल तर होडी. स्वतः पाण्यात शिरणे सर्वांत शेवटी, तेही शिकलेल्यानेच आणि कमरेला दोर बांधून. पाण्यात चालताना पुढची जमीन काठीने चाचपायची. हे वाचताना मला अठ्ठाविसावे वचन आठवते. किनारा जवळ आला असे वाटताच खलाशांनी बुडीद टाकून पाहिले, तेव्हा वीस वाव भरले. थोडे पुढे पुन्हा टाकले, तेव्हा पंधरा. मग त्यांनी वरामावरून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. जे मोजता येते ते मोजले, आणि मग थांबले. विश्वास आंधळी उडी नव्हे.

२०१९ च्या त्याच पुरात आमच्या शहरात एका पोलीस उपनिरीक्षकाने एका तान्ह्या मुलीला प्लास्टिकच्या टबात कपड्यांवर निजवून, डोक्यावर घेऊन, गळ्याइतक्या पाण्यातून बाहेर आणले. त्याचे छायाचित्र देशभर पाहिले गेले, आणि अनेकांना पेटीतल्या मोशेची आठवण झाली. पण त्या छायाचित्राबरोबर एक बारीकशी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे : त्यांनी आधी दोर बांधला होता. मोशेच्या आईनेही पेटीला आधी राळ आणि डांबर लावले, आणि मगच ती नदीकाठच्या लव्हाळ्यांत ठेवली.

२. गलबतावरील प्रत्येक जीव मोजलेला असावा

सदतिसाव्या वचनात लूक एक आकडा देतो : गलबतावर दोनशे शहात्तर जण होते. एरवी आपण हे वचन वाचून पुढे जातो. पण चौदा दिवस सूर्य ना तारे, पोटात अन्न नाही, आणि अशा वेळी कोणीतरी माणसे मोजून ठेवली आहेत! त्या आकड्यात शिपाई आहेत, कैदी आहेत, मालक आहे, मूर्तिपूजक खलाशी आहेत. देवाने पौलाला ख्रिस्ती तेवढे दिले नव्हते. गलबतातील सर्वच्या सर्व दिले होते. काही खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडीतून पळू पाहत होते, तेव्हा पौलाने शताधिपतीला सावध केले : हे गलबतावर राहिले नाहीत, तर तुम्ही वाचणार नाही. ज्यांना विद्या आहे त्यांनी संकटात आधी निसटू नये. डॉक्टर, नर्स, वीजकाम जाणणारा, पोहणारा, वाहन चालवणारा, यांना हे वचन विशेष आहे.

आता २०२४ ची गोष्ट सांगतो. २६ ऑगस्टपासून पाणी चढू लागले. आम्ही पाच जण पथकाबरोबर बाहेर होतो. सरांचे वय झाले आहे. ते पाण्यात उतरू शकत नव्हते. त्यांनी आपणहून मंडळीच्या यादीवरून घरोघर फोन लावायचे काम घेतले. वीज गेली, तरी शेजाऱ्याच्या मोटारीत फोन भरून घेत त्यांनी ते चालू ठेवले. दुसऱ्या रात्री त्यांचा मला फोन आला : "सगळी कुटुंबं सुखरूप आहेत. एकूण एक. प्रभूची स्तुती असो."

अर्ध्या तासाने पुन्हा फोन आला. आता आवाज वेगळा होता. त्यांच्या घरी आसऱ्याला आलेल्या कुटुंबातील एक संडेस्कूलची मुलगी त्यांच्या हातातली वही पाहत होती. तिने विचारले होते, "आणि नाताळात आम्हांला करंज्या देणाऱ्या आजी? त्या कुठे आहेत यात?"

त्या यादीत नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी मंडळीत एका बाबीवरून बोलाचाली झाली. त्या यायच्या बंद झाल्या, वर्गणी थांबली, आणि नवी यादी झाली तेव्हा त्यांचे नाव कोणी उतरवून घेतले नाही. मुद्दाम कोणी वगळले नव्हते. नुसते गळले होते. त्या विधवा, एकट्या, तळमजल्यावर राहणाऱ्या. फोन लागत नव्हता. मी पथकप्रमुखांना सांगितले. रात्री त्या बाजूला होडी नेणे धोक्याचे होते, म्हणून उजाडण्याची वाट पाहावी लागली. ती रात्र मी एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. प्रार्थना करू लागलो की एकच वाक्य तोंडी येई : प्रभू, आम्ही तिला मोजलेच नाही.

पहाटे आम्ही गेलो. आजींच्या दाराची वरची चौकट तेवढी पाण्याबाहेर होती. मी हाक मारली. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक मुसलमान भगिनी डोकावल्या आणि म्हणाल्या, "आजी आमच्याकडे आहेत. परवा संध्याकाळीच वर आणलं त्यांना." मागून आजींचा आवाज आला, "कोण आलंय? चहा टाकते म्हणावं."

ज्यांच्या यादीत त्या होत्या, त्यांनी त्यांना वाचवले. आमच्या यादीत त्या नव्हत्या.

शास्त्र इथेही आपल्या आधी जाऊन पोहोचले आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात गलबत फुटून लोक मिलिता बेटावर, म्हणजे आजच्या माल्टावर लागतात. पाऊस पडत असतो, थंडी असते. पहिली शेकोटी कोण पेटवते? प्रेषित नव्हे, मंडळी नव्हे. त्या बेटावरचे परके लोक. लूक मुद्दाम नोंदवतो की त्यांनी असामान्य ममता दाखवली. देवाने आपल्या प्रेषिताला त्यांच्या हातून ऊब दिली. म्हणून पथकात आपल्या शेजारी कोणत्या धर्माचा मनुष्य दोर धरून आहे, याची आपण भीती बाळगू नये, आणि 'आधी आपले' असेही म्हणू नये. कदाचित 'आपले' त्याच्याच घरी चहा पीत असतील.

३. वादळानंतर काटक्या गोळा कराव्यात

आता त्या शेकोटीपाशी पाहा. चौदा दिवस ज्याने सगळ्यांना धीर दिला, ज्याच्याजवळ देवदूत उभा राहिला, ज्याच्या सांगण्यावरून दोनशे शहात्तर जण जेवले, तो पौल आता काय करत आहे? काटक्या गोळा करत आहे. सगळ्यांसाठी पेटलेल्या आगीला आपलीही मोळी घालत आहे. तिथे त्याला साप डसला, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. पण साप काटक्यांत होता, आणि काटक्या पौलाच्या हातात होत्या, कारण त्याने तेही काम आपले मानले, हे सांगायला विसरतो.

पूर ओसरल्यावर छायाचित्रे काढणारे जातात आणि काटक्यांचे काम उरते. चिखल उपसणे. भिजलेल्या गाद्या बाहेर काढणे. वायरिंग तपासल्याशिवाय बटण न दाबण्यास घरोघर सांगणे. पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून पिण्यास सांगणे. ज्याला पुराच्या पाण्यात चालल्यावर ताप आला त्याला दवाखान्यात नेणे. म्हातारीचा हात धरून नुकसानीचा अर्ज भरून देणे. यात कोणी हार घालत नाही. मंडळीचा फलक लावून खिचडी वाटण्यात जी गोडी वाटते, ती दुसऱ्याच्या संडासातला गाळ काढण्यात वाटत नाही. म्हणूनच आपली सेवा खरी की दिखाऊ, हे तिथे कळते.

आणि ज्यांना पाण्यात उतरता येत नाही त्यांनी खिन्न होऊ नये. गलबत फुटले तेव्हा शताधिपतीने आज्ञा दिली की ज्यांना पोहता येते त्यांनी आधी उड्या टाकाव्या. बाकीचे कोणी फळ्यांवर, कोणी गलबताच्या तुकड्यांवर बसून आले, आणि सगळे सुखरूप किनाऱ्याला लागले. पोहणारा आणि फळीवर बसणारा एकाच किनाऱ्याला लागले. आमच्या महिला मंडळाने तीन दिवस पथकाला भाकरी आणि पिठले पुरवले. सुरुवातीला आम्ही "आधी काम, मग जेवण" म्हणत होतो. पथकप्रमुखांनी दटावले की उपाशी स्वयंसेवक चक्कर येऊन पडतो आणि दुसऱ्यांचे काम वाढवतो. पौलाने हेच केले. त्याने सर्वांसमोर भाकर घेतली, देवाचे आभार मानले आणि खाऊ लागला. तेव्हा सगळ्यांना धीर आला. वादळात जेवणावर मोठ्याने मागितलेला आशीर्वादही साक्ष असते.

सरांविषयी सांगून पुरे करतो. पाणी उतरल्यावर ते काठी टेकत त्या आजींकडे गेले. काय बोलणे झाले ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. पुढच्या रविवारी यादीच्या वहीत, गणिताच्या मास्तरांच्या त्या ठसठशीत अक्षरात, एक नाव वाढलेले होते. आजी अजून दर रविवारी येतात असे मी म्हणणार नाही. कधी येतात, कधी नाही. पण आता त्या आल्या नाहीत, तर कोणीतरी जाऊन विचारतो. आणि पथकाचे शिक्षण असले, की सर आम्हांला निघण्यापूर्वी थांबवतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, आणि म्हणतात, "दोर घेतलात ना?"

संडेस्कूलच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा पाठ घेताना मुलांना नकाशावर पौलाचा प्रवास दाखवा. पण त्याबरोबर त्यांना आपल्या गल्लीचाही नकाशा काढायला लावा. कोणत्या घरात एकटे आजीआजोबा आहेत? कोणाला चालता येत नाही? पाणी आधी कुठे भरते? उंच जागा कोणती? तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक पाठ करून घ्या, जसे आपण वचने पाठ करून घेतो. मुले जे मोजतात ते मोठ्यांच्या नजरेतून सुटते, हे आम्ही शिकलो आहोत.

आणि आपण मोठ्यांनी या आठवड्यात स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझ्या प्रार्थनेबरोबर माझ्या हातात दोर आहे काय? माझ्या यादीतून कोण गळले आहे? आणि वादळ सरल्यावर मी काटक्या गोळा करायला वाकतो काय?

प्रार्थना : हे कृपाळू पित्या, वारा आणि लाटा तुझे ऐकतात, आमचे हातही तुझे ऐकोत. संकट येण्यापूर्वी आम्हांला शिकण्याची नम्रता दे, संकटात कोणालाही न विसरणारे मन दे, आणि संकटानंतर लहान काम करण्याचा आनंद दे. जे आज रात्री कोठे पाण्यात, वाऱ्यात, अंधारात दुसऱ्यांसाठी उभे आहेत, मग ते तुला ओळखोत वा न ओळखोत, त्यांना सांभाळ. जिने आम्हांला मागितले नाही तिलाही आम्ही मोजावे, कारण तू आम्हांला मोजले आहेस. येशू ख्रिस्त आमचा प्रभू याच्या द्वारे. आमेन.